गागोद्याचे अंगण

पेण तालुक्यात गागोदे या नावाची दोन गावे आहेत. एक गागोदे बुद्रुक, दुसरे गागोदे खुर्द. बुद्रुक हा फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचा मराठी दप्तरांत रुळलेला अवतार; त्याचा अर्थ वडीलधारे. खुर्द म्हणजे धाकटे. महाराष्ट्रात अशी थोरली-धाकटी जोडगावे जागोजाग आढळतात, आणि पुष्कळदा थोरले गावही इतके लहान असते की, थोरलेपणाचा मान केवळ कागदोपत्रीच उरावा. गागोदे बुद्रुक त्यांतलेच. सभोवार डोंगर, पायथ्याशी भातखाचरे, पावसाळ्यात चार महिने न खळणाऱ्या धारा, आणि दिवस मावळला की घराघरांतून मिणमिणणारे तेलाचे दिवे, असे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होते. जिल्ह्यास तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले.

या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी नरहर शंभुराव भावे व रुक्मिणीबाई यांस पहिला मुलगा झाला. त्याचे नाव विनायक. आईच्या तोंडी ‘विन्या’. हाच पुढे विनोबा या नावाने साऱ्या देशास परिचित झाला. त्यांच्या भूदानयात्रेची व आश्रमजीवनाची हकीकत अनेकांनी लिहिली आहे, आणि ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. येथे विचार करावयाचा आहे तो एका निराळ्याच गोष्टीचा. ज्या पुरुषाने घर, पदवी, उपजीविका आणि कुटुंबाची आशा ही एकामागून एक टाकून दिली, त्याच्या मनात एक अंगण मात्र अखेरपर्यंत शिल्लक राहिले. पदयात्रेतील प्रवचनांत काय किंवा आश्रमातील बोलण्यात काय, गागोद्याचे घर आणि त्या घरातली आई पुन्हापुन्हा येई. गमावलेल्या मायेची आठवण एखाद्या जागेस इतकी घट्ट चिकटून का बसते, आणि ती जागा सुटली म्हणजे त्या मायेचे काय होते, हे समजून घेण्यास विनोबांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गमावलेले प्रेम म्हटले की, मन सहसा नायक-नायिकांकडे धाव घेते. नाटक-कादंबऱ्यांनी लावलेली ती सवय आहे. परंतु मराठी बायकांनी पिढ्यानुपिढ्या जात्यावर ज्या ओव्या गाइल्या, त्यांत विरहाचा सर्वांत मोठा वाटा नवऱ्याच्या नव्हे, आईच्या वाट्यास आलेला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत खेडोपाडी हिंडून व हिंडवून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या चाळू लागले की दिसते, माहेर हा शब्द जेवढा माणसांचा तेवढाच जागेचा आहे. आई गेली की माहेर सरले, असे बायका म्हणतात. आणि तरीही माहेरच्या वाटेवरचे झाड, विहीर, ओटा यांची नावे घेतल्यावाचून त्यांस राहवत नाही. मुलगे मात्र या दुःखाविषयी फारसे बोलत नाहीत. त्यांचे घर सुटत नाही, अशी समजूत असते म्हणून की काय, कोण जाणे!

युरोपात या भावनेस एकेकाळी रोग समजत. स्वित्झर्लंडातील बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात तिच्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने एकत्र जोडले. परमुलखात राहणारी माणसे झुरतात, अन्न टाकतात, अंथरूण धरतात, आणि घरी पाठविताच बरी होतात, असे त्याचे निरीक्षण होते. रोगाची कल्पना पुढे मागे पडली, शब्द तेवढा उरला. आपल्याकडे या भावनेस औषधाची बाटली कोणी दाखविली नाही. ओढ, हुरहूर, उमाळा असे साधे शब्द तिला पुरले.

जागा आणि आठवण यांची गाठ शरीरातच मारलेली आहे, हे मात्र विसाव्या शतकात प्रयोगांनी दिसून आले. मेंदूच्या आत, कानशिलांच्या बाजूस खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळणदार भाग आहे. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, परंतु त्या दिवसापासून पुढे घडलेली कोणतीही गोष्ट त्या माणसाच्या ध्यानी राहीनाशी झाली. लंडन येथे जॉन ओकीफ यांना १९७१ साली याच भागात उंदराच्या मेंदूतील अशा पेशी आढळल्या की, त्या प्राणी एका विशिष्ट ठिकाणी आला म्हणजेच जाग्या होत, इतर ठिकाणी स्वस्थ असत. नॉर्वेतील मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या शास्त्रज्ञांनी २००५ साली शेजारच्या भागात जागेचे जणू चौकट आखून मोजमाप करणाऱ्या पेशी शोधून काढल्या. २०१४ साली या तिघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. ‘आपण कोठे आहो’ हे जाणणारा आणि ‘आपल्यावर काय गुदरले’ हे साठविणारा भाग एकच असल्यामुळे, ओसरीचा कोपरा आठवला की ओसरीवर बसलेले माणूसही आठवावे, यात नवल ते कोणते? वासाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. डोळे व कान यांच्याकडून येणारी खबर मेंदूत एका मधल्या ठाण्यावरून पुढे जाते. नाकाची खबर त्या ठाण्यावर न थांबता भावना व स्मरण यांच्या घरी जवळजवळ थेट पोहोचते. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचे बालपण कोकणात गेले असेल, त्यांस पिकल्या फणसाचा घमघमाट आला असता कोणते घर आठवते, हे ज्याचे त्यानेच पाहावे.

परंतु शास्त्राने एवढे सांगितले तरी एक प्रश्न उरतोच. माणूस एकाच जागी हजार वस्तू पाहतो. त्यांतल्या नेमक्या कोणत्या वस्तू गेलेल्या माणसाचे स्मरण धरून ठेवतात? याचे उत्तर एका विदर्भवासी कवीने बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. भवभूती हा पद्मपुरचा. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात सीतेच्या त्यागानंतर बारा वर्षांनी राम पुन्हा पंचवटीत येतो. परंपरेने ही पंचवटी म्हणजे आपले नाशिक. ज्या अरण्यात दोघांनी वनवास सुखाने घालविला तेच अरण्य, तीच गोदावरी, तेच पर्वत. सीता भागीरथीच्या वराने अदृश्य होऊन तेथेच उभी आहे; राम तिला पाहू शकत नाही. वनदेवता वासंती त्याला एकेक गोष्ट दाखवीत जाते, आणि येथे भवभूतीची सूक्ष्म दृष्टी ध्यानात येते. रामाचा बांध फुटतो तो केवळ पर्वत आणि नदी पाहून नव्हे. सीतेने स्वतःच्या हाताने पाला भरवून वाढविलेले हत्तीचे पिलू आता तरणेबांड झाले आहे; तिने टाळ्यांच्या तालावर नाचविलेला मोर कदंबावर बसला आहे; तो कदंबही तिनेच पाणी घालून जगविलेला. जे जे तिने जोपासले, ते ते तिच्यामागे उरले आहे, आणि रामास शोक आवरत नाही तो त्यांच्यासमोर.

ही दृष्टी घेऊन गागोद्यास परत आले की, विनोबांनी आपल्या बालपणाच्या म्हणून ज्या आठवणी सांगितल्या त्यांचा अर्थ एकदम उलगडतो. डोंगर त्यांस प्रिय होते, यात शंका नाही. परंतु आईच्या आठवणी बहुधा अशाच वस्तूंना लागून येतात, ज्यांस तिने काही घातले, भरविले किंवा देऊन टाकले.

पहिली वस्तू म्हणजे तुळस. मुलाने खायला मागितले की, आईचा प्रश्न ठरलेला असे: तुळशीला पाणी घातलेस का? घातले नसेल तर आधी ते घालून यावयाचे, मग खाणे. तुळशीविषयी तिने मुलास व्याख्यान कधी दिले नाही. स्वतःच्या तोंडात घास जाण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी मुळाशी पाणी पडले पाहिजे, एवढाच नियम.

दुसरी वस्तू फणस. घरच्या झाडास फणस येत आणि कोकणातल्या कोणत्याही मुलाप्रमाणे विन्याही तो केव्हा पिकतो याची वाट पाहत असे. फणस फोडला की आई गरे काढी, पाने लावी, आणि घरात कोणाच्याही हाती गरा पडण्यापूर्वी मुलास शेजारीपाजारी वाटावयास पाठवी. सगळीकडे पोहोचले म्हणजे मग घरच्यांची पाळी. देणारा तो देव आणि ठेवून घेणारा तो राक्षस, अशा आशयाची तिची शिकवण विनोबा पुढे वारंवार सांगत. जमीनदारांच्या दारी उभे राहून १९५१ पासून पुढे सुमारे तेरा वर्षे पायी हिंडत ज्याने भूमी मागितली, त्याचा पहिला धडा अशा हातात गऱ्यांची पाने घेऊन झालेला आहे. भूदानाची मीमांसा करणाऱ्या जाड ग्रंथांत या फणसास फारशी जागा मिळत नाही, ही किंचित खेदाची गोष्ट होय.

तिसरी आठवण एका माणसाची आहे. भाव्यांच्या घरी एक अंध वृद्ध राहत असत. घरात त्यांचा मान वडीलधाऱ्याचा. जेवणखाण, विचारपूस सर्व आपुलकीने होई. मुले त्यांस नात्यानेच हाक मारीत. पुढे कुटुंब बडोद्यास गेल्यावर एके दिवशी त्यांच्या निधनाची वार्ता आली. परंतु घरात ना सुतक पाळले गेले, ना कोणी स्नान केले. मुलास आश्चर्य वाटले. त्याने आईस विचारले, तेव्हा तिने सांगितले की, ते आपल्या नात्याचे नव्हतेच. त्यांस कोणी नव्हते म्हणून ते आपल्याकडे राहिले. इतकी वर्षे या गोष्टीची मुलांस शंकासुद्धा आली नव्हती. परक्यास सांभाळणे एक वेळ सोपे. तो परका आहे हे घरातल्या मुलांनाही कळू न देणे, ही गोष्ट सोपी नव्हे.

त्या घरात रात्री अंधार असे. एकदा भिंतीवर स्वतःचीच मोठी थोरली सावली पाहून लहान विन्या घाबरला व आईकडे धावला. आईने त्यास पोटाशी धरून भीती घालविली असती तर ते स्वाभाविक झाले असते. तिने निराळेच केले. ती सावली तर तुझी दासी आहे, तिला आज्ञा करून पाहा, असे तिने सांगितले. तो बसला, सावली बसली. तो उठला, सावली उठली. भय तेथल्या तेथे गेले.

आजोबा शंभुराव या घरातले दुसरे मोठे माणूस. गागोद्यास भावे घराण्याचे इनाम होते आणि वाई येथे घराण्याचे देवालय. शंभुराव मोठे व्रतस्थ. चांद्रायणव्रत चालू असता चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवावयाचे व कमी करावयाचे. चंद्र उगवेल तेव्हा पूजा, मग ती मध्यरात्री का असेना. त्या वेळी ते नातवास झोपेतून उठवून प्रसाद देत. गणेशचतुर्थीस घरी गणपती बसे. पेणच्या मूर्तींची ख्याती आज साऱ्या महाराष्ट्रात आहे. या घरी मात्र चंदन उगाळून त्या गंधाची मूर्ती आजोबा स्वतः घडवीत, आणि चंदन उगाळण्याचे काम मुलांकडे असे. स्वतःच्या हाताने उगाळलेल्या चंदनाचा देव, त्याची इतक्या भक्तीने पूजा करावयाची, आणि ठरलेल्या दिवशी तो पाण्यात सोडून द्यावयाचा! मुलास ते पाहून वाईट वाटे. आवाहन जितके मनःपूर्वक करावयाचे तितकेच विसर्जनही करता आले पाहिजे, ही गोष्ट त्यास तेथे प्रथम कळली. तिचा उपयोग त्यास पुढे फार क्लेशदायक प्रसंगी व्हावयाचा होता.

विनोबांच्या वयाचे पहिले दशक पुरे होण्याच्या सुमारास गागोदे सुटले. वडील बडोद्यास नोकरीस होते. आई मुलांना घेऊन तिकडे गेली. डोंगर मागे राहिले, फणस मागे राहिला. आई मात्र बरोबर होती, आणि ती जेथे होती तेथे गागोद्याचे घर पुन्हा उभे राहत होते. बडोद्याची एक आठवण प्रसिद्ध आहे. रुक्मिणीबाईंनी देवास लाख तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते. रोज एकेक दाणा मोजून त्या वाहत. वडील शास्त्र शिकलेले, हिशोबी. त्यांनी सुचविले की, एक तोळा तांदूळ घेऊन त्यातले दाणे मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे, आणि चुकभूल म्हणून अर्धा तोळा वर टाकावा. युक्तिवादास उत्तर सुचेना, परंतु मनास पटेना; तेव्हा संध्याकाळी त्यांनी विन्यास विचारले. विन्याने सांगितले की, हा प्रश्न गणिताचा नव्हे. एकेका दाण्याबरोबर देवाचे एकेक स्मरण आहे, ते वजनाने कसे भागेल? आईस समाधान झाले. एरवी गणितावर विनोबांचे प्रेम निस्सीम होते, म्हणून या निवाड्याचे मोल अधिक.

आणि याच मुलाने एके दिवशी या आईस सोडले. शाळा-कॉलेजातील आपली प्रमाणपत्रे त्याने तिच्यादेखत चुलीत घातली. कधी उपयोगी पडतील, असे ती म्हणाली. मोह नको म्हणून जाळतो, असे तो म्हणाला. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जाण्यास तो निघाला आणि सुरतेस उतरून काशीच्या वाटेस लागला. घरी कळले ते पत्राने. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादेस कोचरब आश्रमात त्याची व गांधीजींची भेट झाली, आणि तेथून जीवनाचा ओघ ठरून गेला. आईचे काय झाले असेल? शेजारणी हळहळल्या, मुलास नावे ठेवू लागल्या, तेव्हा आपला विन्या नाटक-तमाशांच्या नादाने गेलेला नाही, अशा अर्थाचे तिने उत्तर दिल्याची हकीकत आहे. त्या उत्तरातला अभिमान सर्वांस दिसतो. ते देऊन झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी असता तिचे मन कोठे जात असेल, याची नोंद कोठेही नाही.

१९१८ च्या पावसाळ्यानंतर आई आजारी पडली. गांधीजींनी आग्रह करून विनोबांस बडोद्यास धाडले. कसे वाटते, असे त्यांनी विचारले तेव्हा आईने समाधान असल्याचे सांगितले. मुलगा मोठा झाला आहे, भावंडांचे पाहील, आणि काही दिवसांपूर्वी डाकोरास जाऊन देवाचे दर्शनही घडले आहे. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी ती गेली. अंत्यविधी भटजींकडून न करविता आपण स्वतः करावा, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांस तो मानवला नाही. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. ते घरी बसून राहिले, पठण करीत.

हे वागणे कठोर वाटते, आणि ते कठोर होतेच. तत्त्वासाठी आईच्या चितेकडे पाठ फिरविणाऱ्या मुलाविषयी प्रेमळ माणसांचे मन साशंक व्हावे, हे रास्त आहे. परंतु त्याच मुलाने त्या घरातून आईची म्हणून जी वस्तू जवळ ठेवली, ती पाहिली म्हणजे शंकेचे स्वरूप बदलते. ती वस्तू म्हणजे आईचे लुगडे. आश्रमात ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणून काही नव्हते, तो ते लुगडे घडी करून उशास घेऊन निजत असे.  पुढे अंगावर व घरात खादीच वापरावयाची असे ठरले. लुगडे खादीचे नव्हते. तेव्हा विनोबांनी ते साबरमतीच्या पाण्यात सोडले. चंदनाच्या गणपतीचे विसर्जन पाहून गागोद्याच्या मुलास जे कळले होते, ते त्यास आता स्वतः करून दाखवावे लागले.

जागा गेली, माणूस गेले, वस्तूही गेली. येथवर आलेली माणसे बहुधा दोनच गोष्टी करतात. विसरतात, नाही तर झुरतात. विनोबांच्या हातून तिसरीच गोष्ट घडली. बडोद्यास असताना आईस गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते. मुलाने मराठी गद्य भाषांतर आणून दिले. ते अवघड वाटले. वामन पंडितांचे पद्य आणून दिले, तेही जड. तेव्हा तिने सहज विचारले की, तूच का सोप्या मराठीत लिहीत नाहीस? मुलाच्या अंगी ते सामर्थ्य आहे, असे त्या वेळी तिच्याखेरीज कोणास वाटले असेल, असे दिसत नाही. हा प्रश्न विनोबांच्या मनात पंधरा वर्षांच्या आसपास पडून राहिला. ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्धा येथे त्यांनी लेखणी उचलली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी सातशे श्लोकांचा मराठी अनुवाद पुरा केला. वाचणारी जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. पंचवटीत परतलेल्या रामाच्याही मध्ये बाराच वर्षे गेली होती, हा केवळ योगायोग. पुस्तकाचे नाव त्यांनी ठेविले ‘गीताई’. त्यात गीताही आहे आणि आईही. भाषा अशी की, जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडीही बसावी. १९३२ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच्या लक्षावधी प्रती पुढे घरोघर गेल्या.

धुळ्याच्या त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ पर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. ती उतरून घेणारे गृहस्थ वयाने चार वर्षांनी लहान, आणि तेही कोकणचे: दापोलीकडील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने. त्यांची आई विनोबांच्या आईच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, वारली होती. प्रवचने लिहून घेतल्यावर पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. एकाच्या आठवणीत तुळस आणि फणस, दुसऱ्याच्या आठवणीत पालगडचे घर, फुले, समुद्रकाठची गावे. दोघांच्याही मायेचे ठिकाण हातचे गेलेले. दोघांनीही ते पुन्हा उभे केले. साने गुरुजींनी आपले दुःख उघड केले आणि महाराष्ट्रास रडविले. विनोबांनी ते झाकून ठेवले, आणि गीताईच्या आरंभी आपण तिचे अजाण लेकरू आहो एवढेच सांगून ते पुढे चालू लागले. दोघांतले कोणते दुःख मोठे, हे ठरविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. वाचकांस मात्र ‘श्यामची आई’ मधील माय ओळखू येते आणि गीताईमधील येत नाही, हे खरे.

१९३८ पासून विनोबांचे मुख्य ठिकाण वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार हे झाले. सारा देश पायांखाली घातल्यानंतर ७ ऑक्टोबर १९७० रोजी, म्हणजे गीताईस आरंभ केला त्याच तारखेस, त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनार सोडून बाहेर न जाण्याचे ठरविले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न व औषध थांबवून, ते तेथेच निवर्तले. गागोद्याचे जन्मस्थान लोकांनी जपले आहे, आणि कोकणात गेलेली माणसे वाट वाकडी करून तेथे जातात.

पवनारपासून फार दूर नाही असे आणखी एक ठिकाण वर्ध्याच्या गोपुरीत आहे. तेथे १९८० साली गीतामंदिर नव्हे, ‘गीताई मंदिर’ उभे राहिले. आत मूर्ती नाही, घंटा नाही, गाभारा नाही. दगडी शिळा एकीस एक लागून उभ्या केल्या आहेत, वरून पाहिले असता त्यांच्या रांगांची आकृती गाय व चरखा अशी होते, आणि त्या शिळांवर अठरा अध्याय कोरलेले आहेत. येणारी माणसे रांगेने फिरत श्लोक वाचतात. ज्या बाईस गद्य अवघड गेले आणि वामन पंडित जड गेले, तिच्यासाठी लिहिलेली ती अक्षरे शाळेतली मुलेही बोट ठेवून वाचू शकतात. मंदिरास छप्पर नाही. आषाढ लागला की शिळांवरून, कोरलेल्या अक्षरांतून, पाणी ओघळत असते.